फिरंगाणाच्या वेशीवरचे घाट

सातारा आणि सांगली या जिल्ह्यांना परदेशाची सीमा आज लागत नाही आणि पूर्वीही थेट कधी लागली नव्हती. तरीही १९६१ पर्यंत इथल्या माणसाला सर्वांत जवळचा परमुलूख म्हणजे पोर्तुगिजांचा गोवा होता. मराठी कागदपत्रांत त्या मुलखाला फिरंगाण म्हणत. साताऱ्याहून किंवा मिरजेहून निघालेला प्रवासी कोल्हापूर-बेळगावचा माळ ओलांडून सह्याद्रीच्या कड्यावर पोचे, घाट उतरे आणि पायथ्याशी दुसऱ्याच राजवटीच्या नाक्यापुढे उभा राही. आज याच वाटांनी लोक पावसाळी सहलीला जातात. धबधब्याशी गाडी थांबवून कणीस खाणाऱ्यांना आपण एका जुन्या आंतरराष्ट्रीय सरहद्दीवर उभे आहोत याची गंधवार्ताही नसते.

या सरहद्दीवर जाणाऱ्या वाटा मोजक्याच होत्या. सर्वांत उत्तरेची आंबोलीची. जुन्या कागदांत तिला पारपोली घाट म्हटले आहे. संकेश्वर, गडहिंग्लज, आजरा करत ती आंबोलीला येते, सावंतवाडीकडे उतरते आणि बांद्याच्या पुढे पत्रादेवीला गोव्याच्या पेडण्यात शिरते. तिच्या दक्षिणेला रामघाट. तो बेळगावकडून दोडामार्गाच्या बाजूला उतरतो. त्याखाली चोर्ला घाट. जांबोटी, कणकुंबी करत तो सत्तरीतल्या केरीला पोचतो. सर्वांत दक्षिणेला अनमोडचा घाट, जो मोले गावी उतरून फोंड्याकडे जातो. सातारकरांना कुंभार्ली घाट अर्थात जास्त जवळचा, पण तो उतरून माणूस चिपळूणला, म्हणजे इंग्रजांच्याच रत्नागिरी जिल्ह्यात पोचे. परराज्यात जायचे तर दक्षिणेला वळणे भागच होते.

सुरुवातीला ही सरहद्द डोंगरावर नव्हतीच. सोळाव्या शतकापासून पोर्तुगिजांच्या हाती तिसवाडी, बारदेश आणि सासष्टी एवढाच किनारपट्टीचा मुलूख होता. या त्यांच्या जुन्या काबिजादी. डिचोली, सत्तरी, फोंडा, पेडणे हा घाटाखालचा पट्टा कधी आदिलशहाकडे, कधी मराठ्यांकडे, कधी सावंतवाडीकर किंवा सौंदेकर राजांकडे असे. म्हणून घाट उतरलेल्या फौजेला पोर्तुगीज हद्दीपर्यंत आणखी काही मजल मारावी लागे, आणि तेवढ्या पट्ट्यात तिचे काय होईल याचा भरवसा नसे. १६८३ साली संभाजी महाराजांनी फोंड्याचा वेढा मोडून काढला आणि वर्षअखेरीस बारदेश-सासष्टीत धडक मारली. गोवे शहर पडण्याच्या बेतात होते. तेवढ्यात औरंगजेबाचा मुलगा शाहआलम मोठी फौज घेऊन रामघाटाने खाली उतरला आणि महाराजांना माघार घ्यावी लागली. पण तोच घाट मोगलांना बाधला. डिचोली-कुडाळचा मुलूख जाळून बसलेल्या फौजेला खाली दाणागोटा मिळेना, आणि १६८४ च्या आरंभी परत चढताना माणसे आणि जनावरे उपासाने व रोगराईने मोठ्या संख्येने मेली. घाटाची वाट अरुंद, चढ खडा आणि वर-खाली रसद नाही, अशा स्थितीत मोठ्या फौजेचा मोठेपणाच तिला नडला.

शाहू महाराजांच्या काळात साताऱ्याची सत्ता पुन्हा या बाजूला वळली. १७३९ साली चिमाजी अप्पा उत्तर कोकणात वसईला भिडले होते. त्याच वेळी इचलकरंजीचे व्यंकटराव घोरपडे सासष्टीत उतरले आणि त्यांनी मडगाव घेतले. त्यांच्या या चढाईमुळे गोव्याहून वसईला कुमक जाऊ शकली नाही. पुढे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र फिरले. मराठी दौलतीतल्या भांडणांचा आणि सौंदेकर-सावंतवाडीकरांच्या अडचणींचा फायदा घेत पोर्तुगिजांनी एकेक महाल घेतला. १७८८ मध्ये पेडणे त्यांच्याकडे गेले आणि नव्या काबिजादी पुऱ्या झाल्या. पूर्वेकडे आता पोर्तुगीज हद्द घाटमाथ्याला भिडली.

सैन्यापेक्षा जास्त वर्दळ मात्र बैलांची होती. लमाण आणि वंजारी यांचे तांडे पाठीवर गोण्या लादलेले बैल हाकत घाट चढत-उतरत. खालून मीठ, नारळ, सुपारी, सुकी मासळी वर येई. देशावरून धान्य, गूळ, मिरची, हळद आणि तंबाखू खाली जाई. पावसाळ्यात हे सगळे बंद. दसऱ्यानंतर वाटा सुकल्या की तांडे पुन्हा चालू लागत. मालाला जकात पडे ती फक्त परमुलखाच्या वेशीवर नव्हे. वाटेतल्या जवळजवळ प्रत्येक जहागिरीच्या नाक्यावर ती भरावी लागे.

सांगलीपासून निघालेल्या व्यापाऱ्याची गोष्ट तर अधिकच गुंतागुंतीची. चिंतामणराव पटवर्धनांनी १८०१ मध्ये सांगलीला राजधानी केली, पण त्यांचा मुलूख सलग नव्हता. सांगली आणि कुची इकडे, मंगळवेढा पूर्वेला, तेरदाळ आणि शिरहट्टी कर्नाटकात आणि शहापूर थेट बेळगावला चिकटून. मिरजेचे पटवर्धन वेगळे, कोल्हापूरचे छत्रपती वेगळे, बेळगाव इंग्रजांचे. म्हणजे सांगलीकर माणूस गोव्याच्या वाटेवर आपले राज्य सोडून दोन-तीन राज्ये ओलांडून बेळगावला येई, तर शहापुरात पुन्हा आपल्याच राजाच्या हद्दीत! तिथून खानापूरच्या जंगलात इंग्रजी हद्द आणि अनमोड उतरल्यावर पोर्तुगालच्या राजाची. एवढ्या सीमा ज्याच्या अंगवळणी पडल्या त्याला गोव्याची सीमा तरी फार वेगळी का वाटावी? ती वेगळी ठरवली इंग्रजांनी.

हा फरक सर्वांत महाग पडला साताऱ्याच्या गादीला. पेशवाई बुडाल्यावर २५ सप्टेंबर १८१९ च्या तहाने इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना राज्य दिले. उत्तरेला नीरा-भीमा, दक्षिणेला वारणा-कृष्णा, पूर्वेला पंढरपूर-विजापूर आणि पश्चिमेला सह्याद्रीची धार अशा त्याच्या हद्दी होत्या. तहाच्या एका कलमाने महाराजांना परराज्यांशी परभारे पत्रव्यवहार करायला बंदी होती. सुरुवातीला कारभार इंग्रजांचा साताऱ्यातला प्रतिनिधी ग्रँट डफ याच्या देखरेखीखाली चालला आणि १८२२ मध्ये तो महाराजांकडे आला. ते कर्तबगार आणि शिस्तीचे राजे होते, शाळा-रस्त्यांवर खर्च करणारे. साताऱ्याहून मेढ्यावरून महाबळेश्वरला जाणारा रस्ता त्यांनी बांधवला. १८२९ मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम यांना हवापालटासाठी महाबळेश्वर हवे होते तेव्हा त्यांनी ते वाईजवळच्या खंडाळा गावाच्या बदल्यात दिले. तिथल्या पेठेला माल्कमचे नाव पडले ते तेव्हापासून.

मैत्रीचा हा काळ सातआठ वर्षेच टिकला. आश्रित जहागीरदारांच्या मुलखांवर हक्क कोणाचा यावरून मुंबई सरकार आणि महाराज यांच्यात खटके उडू लागले. १८३६ नंतर महाराजांवर तीन आरोप आले. इंग्रजी पलटणीतल्या देशी सुभेदारांना फितवणे हा पहिला आणि नागपूरच्या पदच्युत अप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधणे हा दुसरा. तिसरा, सर्वांत चमत्कारिक आरोप गोव्याचा होता. तिथला गव्हर्नर दों मानुएल द पोर्तुगाल ए काश्त्रो याच्याशी महाराजांनी वर्षानुवर्षे गुप्त पत्रव्यवहार चालवला आणि पोर्तुगिजांच्या मदतीने इंग्रजांना हिंदुस्थानातून काढण्याचा बेत केला, असे त्यात म्हटले होते. मध्यस्थ म्हणून नागो देवराव नावाच्या माणसाचे आणि संकेश्वरच्या स्वामींचे नाव पुढे आले. संकेश्वर हे आंबोली घाटाच्या वाटेवरचे गाव, त्यामुळे कटाची कथा भूगोलाला तरी धरून होती.

बाकी कशाला ती धरून होती हे सांगणे कठीण. ज्या पोर्तुगालला त्या काळात स्वतःच्या घरचे यादवी युद्ध निस्तरता येत नव्हते, त्याच्या गोव्यातल्या तुटपुंज्या शिबंदीवर भिस्त ठेवून कोणी शहाणा राजा कंपनी सरकारशी वैर पत्करील, यावर विश्वास ठेवणे जड जाते. पण रेसिडेंट कर्नल ओव्हान्स याने कागद जमवले, साक्षी घेतल्या आणि प्रकरण वाढवले. ऑगस्ट १८३९ मध्ये गव्हर्नर सर जेम्स कार्नाक स्वतः साताऱ्याला आला. आरोप लेखी कबूल करा, गादी राहील, अशी त्याची अट होती. महाराजांनी ती साफ नाकारली. ५ सप्टेंबर १८३९ रोजी त्यांना पदच्युत केले गेले आणि काशीला पाठवले गेले. १८४७ मध्ये ते तिथेच वारले. त्यांचे वकील रंगो बापूजी गुप्ते विलायतेला गेले आणि चौदाएक वर्षे लंडनमध्ये राहून ही कागदपत्रे बनावट असल्याचे ओरडून सांगत राहिले. कंपनीने त्यांना दाद दिली नाही. गादीवर बसवलेले धाकटे बंधू शहाजी १८४८ मध्ये निपुत्रिक वारले आणि डलहौसीने दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले. साताऱ्याच्या राज्याचा शेवट अशा रीतीने एका न घडलेल्या सीमोल्लंघनापासून सुरू झाला.

यानंतर घाटांवर गाडीरस्ते झाले. सैलसर उतार आणि नागमोडी वळणे घेत बैलगाडी खाली जाऊ लागली तशी तांड्यांची सद्दी संपली. साताऱ्याच्या बाजूला महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळीचा रस्ता १८७० च्या दशकात झाला आणि गव्हर्नर फिट्झजेरल्डच्या नावाने ओळखला गेला. दक्षिणेला पारपोलीचा रस्ता बेळगावचा माल वेंगुर्ले बंदराकडे नेऊ लागला. गोव्याला हा फटकाच होता, कारण व्यापार इंग्रजी बंदराकडे वळला.

इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी २६ डिसेंबर १८७८ रोजी एक तह केला आणि १८८० पासून बारा वर्षांपुरती ही सरहद्द व्यापारापुरती जवळजवळ पुसून टाकली. दोन्ही मुलखांतला माल बिनजकातीचा झाला. बदल्यात गोव्याच्या मिठागरांचा ताबा इंग्रजांनी घेतला आणि पोर्तुगिजांना दरसाल ४ लाख रुपये द्यायचे ठरले. इंग्रजी हद्दीत मिठावर भारी कर होता. स्वस्त गोवेकर मीठ घाटाने चोरून वर येऊ नये, हा सगळ्या उपद्व्यापामागचा खरा हेतू. मिठागरे बसली, गोव्यात ओरड झाली आणि १८९२ मध्ये मुदत संपल्यावर तह पुन्हा झाला नाही. नाकी परत उभी राहिली.

तहाचे एक अपत्य मात्र टिकले, आणि तेच सातारा-सांगलीला सर्वांत उपयोगी पडले. मुरगाव बंदरापासून घाट चढून कॅसलरॉकला येणारी मीटरगेज रेल्वे इंग्रजी भांडवलाने बांधली गेली आणि १८८८ मध्ये पुरी झाली. वर ती सदर्न मराठा रेल्वेला मिळाली. पुण्याहून सातारा रोड, कऱ्हाड, मिरज, बेळगाव करत लोंढ्याला जाणारा फाटा १८९० च्या सुमारास चालू झाला, १८९१ मध्ये मिरजेहून कोल्हापूरला आणि १९०७ मध्ये सांगलीला गाडी जाऊ लागली. कऱ्हाडला किंवा मिरजेला डब्यात बसलेला माणूस त्याच रुळांनी मुरगावपर्यंत पोचू लागला. कॅसलरॉकला इंग्रजी हद्द संपे. पुढे ब्रागांझा घाटातून, बोगद्यांमागून बोगदे घेत, दूधसागराच्या धबधब्यासमोरून गाडी ब्रेक दाबत उतरे आणि कुळे स्टेशनात थांबे. तिथे पोर्तुगीज जकातवाले डब्यात शिरत, ट्रंका उघडायला लावत, गाठोडी सोडायला लावत. परत येताना हाच प्रकार कॅसलरॉकला. नाणेही निराळे. गोव्यात सोळा टांगांचा रुपया चाले आणि १९५९ मध्ये त्याच्या जागी एस्कुदो आला.

या गाडीने सगळ्यांत जास्त काय आणले असेल तर गाणे. सांगली ही विष्णुदास भाव्यांच्या १८४३ च्या ‘सीता स्वयंवरा’पासून नाटकाची पंढरी, मिरज तंतुवाद्यांचे गाव आणि अब्दुल करीम खाँचे वास्तव्याचे ठिकाण. गोव्यातले कलावंत इकडे ओढले गेले नसते तरच नवल. कुर्डीच्या मोगूबाई लहान वयात नाटक कंपन्यांबरोबर फिरत सांगलीला आल्या. अल्लादिया खाँ त्या वेळी वैद्य आबासाहेब सांबारे यांच्या औषधोपचारासाठी सांगलीत होते. त्यांनी या मुलीचे गाणे ऐकले आणि तिला शिकवायला घेतले. जयपूर घराण्याची गोव्यातली मोठी शाखा अशी कृष्णाकाठी रुजली. मंगेशीचे दीनानाथ मंगेशकर आपल्या बळवंत संगीत मंडळीसह सांगलीत स्थिरावले आणि त्यांच्या मुलांचे बालपण तिथे गेले. आशाबाईंचा जन्म १९३३ मध्ये सांगलीचाच. घाट चढून आलेल्या या मंडळींना मराठी प्रेक्षकांनी परदेशी कधी मानले नाही, कागदोपत्री ती पोर्तुगीज प्रजा असली तरी. उलट दिशेनेही माणसे गेली. कऱ्हाडजवळच्या मसूर आश्रमाचे विनायक महाराज मसूरकर १९२८ मध्ये गोव्यात उतरले आणि त्यांनी हजारो गावड्यांची शुद्धी केली. पोर्तुगीज सरकारला ती फार झोंबली.

१९४३ ते १९४६ या काळात साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार चालले तेव्हा सरहद्दीचा आणखी एक उपयोग निघाला. जी. डी. बापू लाड आणि नागनाथअण्णा नायकवडी यांच्या तुफान सेनेला हत्यारे हवी होती. इंग्रजी मुलखात ती मिळणे अवघड, म्हणून नजर गोव्याकडे गेली. शस्त्रे आणण्याच्या कामात बाळ जोशी नावाचा कार्यकर्ता पोर्तुगिजांच्या हाती लागला. त्याला सोडवण्याच्या कामगिरीवर नाना पाटलांची कन्या हौसाताई गेल्या. बहीण म्हणून त्या तुरुंगात त्याला भेटल्या, तेव्हा सुटकेचा बेत लिहिलेली चिठ्ठी त्यांच्या अंबाड्यात होती. शिपायांनी त्यांचा चेहरा पाहिलेला, त्यामुळे परतताना रेल्वेने जाणे धोक्याचे. मांडवीच्या काठी होडी नव्हती आणि त्यांना पट्टीचे पोहता येत नव्हते. मासे धरायच्या जाळ्यात एक लाकडी पेटी ठेवून तिच्यावर त्या पालथ्या पडल्या आणि बरोबरच्या साथीदारांनी पोहत पोहत मध्यरात्री ती पैलतीराला लावली. पुढे जंगलातून चालत ही मंडळी घरी पोचली. रेल्वे येण्यापूर्वीच्या घाटवाटा अशा वेळी पुन्हा कामी आल्या.

१९४७ नंतर सरहद्दीच्या वरच्या बाजूला स्वतंत्र भारत आला आणि दोन्हीकडच्या कायद्यांतला फरक वाढला. भारतात परदेशी मालाच्या आयातीवर निर्बंध, मुंबई राज्यात दारूबंदी. गोव्यात घड्याळे, सोने, दारू सगळे खुले. घाटातल्या आडवाटांना चोरट्या व्यापाराचे दिवस आले.

१९५५ मध्ये हाच मार्ग सत्याग्रहींचा झाला. पुण्याहून निघालेल्या तुकड्या मिरजेवरून बेळगावला येत आणि तिथून पायी हद्द ओलांडत. आजचा सांगली जिल्हा त्या वेळी दक्षिण सातारा म्हणून ओळखला जाई. सांगली हे नाव त्याला १९६० मध्ये मिळाले. १८ मे १९५५ रोजी नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट यांची पहिली मोठी तुकडी गेली. पोर्तुगीज शिपायांनी तिला बेदम मारले आणि गोऱ्यांना दहा वर्षांची शिक्षा झाली. १५ ऑगस्टला तीन हजारांहून अधिक निःशस्त्र लोक ठिकठिकाणी आत शिरले. पत्रादेवीसह अनेक जागी गोळीबार झाला आणि वीसहून अधिक माणसे मेली. भारत सरकारने मग रेल्वे थांबवली आणि नाकेबंदी केली. देशावरचा भाजीपाला आणि धान्य गोव्याला मिळेना. बटाटे हॉलंडहून आणि सिमेंट जपानहून आणण्याची पाळी पोर्तुगिजांवर आली, पण ते वाकले नाहीत.

सशस्त्र वाट धरणाऱ्यांत सांगलीचे मनोहर आपटे होते. मोहन रानडे या नावाने ते गोव्यात मराठी शाळेचे मास्तर म्हणून वावरले, आझाद गोमंतक दलात शिरले आणि पोलीस चौक्यांवरच्या हल्ल्यांत भाग घेतला. १९५५ मध्ये बेती इथल्या हल्ल्यात गोळी लागून ते पकडले गेले. सव्वीस वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना लिस्बनजवळच्या काशियास किल्ल्यात नेले. गोवा मुक्त झाला तरी ते तुरुंगातच होते. सुधीर फडके यांच्यासारख्यांनी चालवलेल्या प्रयत्नांनंतर जानेवारी १९६९ मध्ये ते सुटले. सरहद्द नाहीशी झाल्यावर सात वर्षे तिची शिक्षा भोगणारा हा सांगलीकर.

सरहद्द मोडली ती १८ आणि १९ डिसेंबर १९६१ या दोन दिवसांत. मेजर जनरल कँडेथ यांच्या हाताखालच्या सतराव्या डिव्हिजनच्या तुकड्या बेळगावकडून अनमोड घाटाने मोल्यात उतरल्या आणि पन्नासावी पॅराशूट ब्रिगेड दोडामार्गाच्या बाजूने डिचोलीकडे सरकली. पोर्तुगिजांनी घाटाखालचे पूल उडवले होते, वाटेत सुरुंग पेरले होते. सैन्याचा वेळ लढण्यापेक्षा नद्या उतरण्यातच जास्त गेला. १९ तारखेच्या संध्याकाळी गव्हर्नर वासालो ए सिल्वा शरण आला.

त्यानंतर ही रेष पुसली जाण्याची आणखी एक वेळ आली होती. गोवा महाराष्ट्रात विलीन करावा का, यावर १६ जानेवारी १९६७ रोजी तिथे मतदान झाले. विलीनीकरणाच्या बाजूने १,३८,१७० आणि विरोधात १,७२,१९१ मते पडली. आंबोलीच्या वाटेवर पत्रादेवीची हद्द अशा रीतीने कायम राहिली, दोन राज्यांची म्हणून. पुणे-मिरज रेल्वेमार्ग १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाला, पण लोंढ्याच्या बाजूचे रूळ मीटरगेजच राहिल्याने गोव्याला जाणाऱ्याला मिरजेला गाडी बदलावी लागे. सामानाची ती उचलठेव नव्वदच्या दशकात रूळ बदलेपर्यंत चालली. अनमोडचा रस्ता राष्ट्रीय महामार्ग झाला. चोर्ल्याचा रस्ता अलीकडच्या दशकांत रुंद झाला आणि सांगली-साताऱ्याच्या मोटारी आता बहुधा तोच किंवा आंबोलीचा धरतात. हद्दीवर गाड्या अजूनही थांबवल्या जातात. गोव्यातली दारू परवान्याशिवाय महाराष्ट्रात आणि कर्नाटकात नेता येत नाही, म्हणून परतीच्या वाटेवर उत्पादन शुल्क खात्याचे शिपाई डिकी उघडायला सांगतात.